कोणते गायकवाड?

गोदाकाठची
मंडळी, थोडी मदत हवी आहे. लेक आठवीत आहे. शाळेतून काम मिळालंय: आपल्या आडनावाचा अर्थ शोधायचा आणि त्या आडनावाच्या पाच मोठ्या माणसांबद्दल लिहायचं. आमचं आडनाव गायकवाड.

काम सोपं आहे, पण त्यातून मनात बरंच काही वर आलं, म्हणून धागा काढला. माझं माहेरचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी कर असलेलं. लग्नाआधी नाव सांगितलं की लोक गाव विचारायचे. कुठे आलं ते, नदीच्या अलीकडे की पलीकडे, यंदा कांदा कसा आहे. लग्नानंतर गायकवाड झाले आणि प्रश्न बदलला. आता विचारतात, "कोणते गायकवाड?" सतरा वर्षांत हा प्रश्न किती वेळा ऐकला याची मोजदाद नाही. लग्न नवं होतं तेव्हा नाशिकला इंदिरानगरमध्ये भाड्याने घर बघत होतो. दोन खोल्या, स्वच्छ, मागे पेरूचं झाड. डिपॉझिट ठरलं, किल्ली हातात यायची बाकी. घरमालकीण बाईंनी चहाचा कप माझ्या हातात दिला आणि हाच प्रश्न विचारला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून गप्प राहिलो. दुसऱ्या दिवशी निरोप आला की घर पुतण्याला द्यायचं ठरलंय.

आम्ही 'कोणते' ते मी इथेही सांगणार नाही. लेकीलाही सांगितलंय की वहीत ते लिहायचं नाही, मोठ्या माणसांबद्दल लिहायचं. तिच्याकडे आत्ता तीन नावं आहेत: दादासाहेब गायकवाड (भाभानगरच्या सभागृहावरून), ऋतुराज गायकवाड (टीव्हीवरून) आणि बडोद्याचे सयाजीराव (पुस्तकातून). अजून सुचवा, आणि नावाबरोबर काहीतरी खरं, धरून ठेवण्यासारखं सांगा.

शाळामास्तर
ताई, आधी अर्थाचं बघू. गाय आणि कवाड, कवाड म्हणजे दार. बडोद्याच्या राजघराण्यात आख्यायिका अशी की त्यांच्या एका पूर्वजाने कसायाच्या तावडीतून सुटलेल्या गायींना आपल्या वाड्याचं दार उघडून आत घेतलं आणि कवाड लावलं. तेव्हापासून गायकवाड. हे घराणं मूळचं पुण्याजवळच्या खेड भागातल्या दावडी गावचं. कथा म्हणून छान आहे, लेकीने लिहावी, पण 'असं सांगतात' हे शब्द सोडू नयेत. आडनाव कित्येक जातींत आहे. त्या सगळ्यांचा पूर्वज एकच आणि दार एकच, असं होणार नाही.

महाराष्ट्रात एकच आडनाव मराठ्यांत, महारांत, चर्मकारांत, मातंगांत, कोळ्यांत सापडतं ही नेहमीची गोष्ट आहे. जाधव, पवार, मोरे, शिंदे, साळवे, सगळीकडे हेच. गायकवाड त्यातलंच. आडनावावरून जात कळत नाही, म्हणूनच लोक पुढचा प्रश्न विचारतात.

एक फुटकळ माहिती. पुण्यातला केसरीवाडा पूर्वी गायकवाडवाडा होता. टिळकांनी तो बडोदेकर गायकवाडांकडून घेतला.

मनमाड_जंक्शन
सगळ्यात प्रसिद्ध गायकवाड राहिलेच की! रजनीकांत. मूळ नाव शिवाजीराव गायकवाड, बेंगळुरूच्या मराठी घरातला जन्म, सिनेमात येण्याआधी बस कंडक्टर.

गोदाकाठची
हे ऐकून लेक खुर्चीवरून उठून नाचली. चौथं नाव पक्कं.

कॉमेंट्रीवाला
क्रिकेटचं मी सांगतो. हे आडनाव नसतं तर बडोद्याच्या क्रिकेटची अर्धी पानं कोरी राहिली असती.

दत्ताजीराव गायकवाड: ११ कसोटी, १९५९च्या इंग्लंड दौऱ्यात भारताचे कर्णधार. त्यांच्याच नेतृत्वाखाली बडोद्याने १९५७-५८ची रणजी जिंकली. त्यांचे चिरंजीव अंशुमान: ४० कसोटी. १९८३मध्ये जालंधरला पाकिस्तानविरुद्ध ६७१ मिनिटं खेळपट्टीवर उभं राहून २०१ धावा. आजच्या पोरांना ६७१ मिनिटं म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं. अकरा तासांहून जास्त! त्याआधी १९७६मध्ये किंग्स्टनला वेस्ट इंडिजच्या वेगवान होल्डिंगचा चेंडू कानावर बसला आणि त्यांना इस्पितळात न्यावं लागलं. हेल्मेट नव्हतं तेव्हा. मी त्या वेळी शाळेत होतो. आमच्या गल्लीत पानाच्या टपरीवर एकच ट्रान्झिस्टर होता आणि त्याच्याभोवती माणसं मुकाट उभी होती, ते दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे.

बापलेक दोघेही २०२४मध्येच गेले. दत्ताजीराव फेब्रुवारीत, अंशुमान ३१ जुलैला. वडील तेव्हा हयात असलेल्या भारतीय कसोटीपटूंत सर्वांत वयस्कर होते. सहा महिन्यांत दोन्ही बातम्या. फार लागलं मनाला.

ऋतुराज आपला पुण्याचा. २०२२च्या नोव्हेंबरमध्ये विजय हजारे करंडकात एका षटकात सात षटकार (एक नोबॉल होता), त्या षटकात ४३ धावा. आणि मुलीचा प्रकल्प आहे म्हणून मुद्दाम सांगतो, राजेश्वरी गायकवाडला विसरू नका. विजापूरची डावखुरी फिरकी गोलंदाज. २०१७च्या विश्वचषकात न्यूझीलंडविरुद्ध १५ धावांत ५ बळी.

मोसमकाठ
धागा नाशिकचा आहे आणि सयाजीरावांना कुणी नुसतं 'बडोद्याचे' म्हणून सोडावं, हे आम्हा मालेगावकरांना चालणार नाही. महाराज आमचे आहेत. जन्म ११ मार्च १८६३, गाव कवळाणे, तालुका मालेगाव, जिल्हा नाशिक. घरचं नाव गोपाळ. वडील काशीराव, शेती करणारं कुटुंब, राजघराण्याची लांबची शाखा.

१८७५मध्ये बडोद्याच्या मल्हाररावांना इंग्रजांनी गादीवरून काढलं. रेसिडेंट, म्हणजे दरबारातले इंग्रजांचे प्रतिनिधी, कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग केल्याचा आरोप होता. मग आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा राणी जमनाबाईंना दत्तक घ्यायला सांगण्यात आलं. कवळाण्याहून तीन भाऊ बडोद्याला गेले: आनंदराव, गोपाळ आणि संपतराव. तिथे कशाला आलात, असं तिघांना विचारलं म्हणतात, आणि गोपाळ म्हणाला, राज्य करायला आलो. आमच्याकडे ही गोष्ट आजीच्या मांडीवर ऐकायला मिळते. २७ मे १८७५ला दत्तकविधान झालं. पोरगा बारा वर्षांचा, गुरं राखलेला, अक्षरओळख नाही. अठराव्या वर्षी राज्याचे पूर्ण अधिकार हाती आले.

स्वतः उशिरा शिकला म्हणूनच असेल, पण शिक्षणावर या माणसाने जे केलं त्याला तोड नाही. १८९३मध्ये अमरेली भागात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, आणि १९०६मध्ये सगळ्या संस्थानात. इंग्रजांच्या हिंदुस्थानात तेव्हा असा कायदा नव्हता. गावोगाव वाचनालयं. १९०८ला बँक ऑफ बडोदा. आज नाशिकमध्ये तिच्या एटीएमसमोर रांगेत उभं राहणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं की ती आपल्याच जिल्ह्यातल्या पोराने काढली?

१९११च्या दिल्ली दरबारात राजेरजवाडे सम्राटापुढे वाकत मागे सरकत होते. महाराजांनी एकदा मान लववली आणि पाठ फिरवून चालू लागले. लंडनपर्यंत गदारोळ झाला.

लेकीला सांगा, पहिलं नाव सयाजीराव आणि गाव कवळाणे. बडोदा नंतर.

गोदाकाठची
मोसमकाठ दादा, मनापासून आभार. मालेगावला शंभर वेळा गेले असेन, पण हे मला माहीत नव्हतं. पुस्तकात 'बडोद्याचे महाराज' एवढंच आहे.

द्राक्षबाग
मग दिंडोरीकरांनी का गप्प बसावं? कर्मवीर दादासाहेब गायकवाड, म्हणजे भाऊराव कृष्णाजी गायकवाड. जन्म १५ ऑक्टोबर १९०२, आंबे, तालुका दिंडोरी. आज इकडे जिथे तिथे द्राक्षाचे मांडव दिसतात. त्या काळी ज्यांना गावच्या विहिरीला हात लावता येत नव्हता, त्यांच्यातला हा माणूस.

आता नीट सांगतो, कारण सभागृहावरचं नाव रोज वाचणाऱ्यांनाही पूर्ण गोष्ट माहीत नसते. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३०ला सुरू झाला. सत्याग्रह समितीचे चिटणीस भाऊराव गायकवाड. मंदिर उघडा, नाहीतर सत्याग्रह करू, हे विश्वस्तांना कळवलं ते त्यांनीच. त्या दिवशी सुमारे पंधरा हजार माणसांची मिरवणूक निघाली. एवढी लांब आणि एवढी शिस्तीत की नाशिकने तोवर तशी पाहिली नव्हती. चारही दरवाजे बंद होते. मग मिरवणूक गोदेच्या घाटाकडे वळली आणि तिथे सभा झाली. दुसऱ्या दिवसापासून दरवाज्यांवर तुकड्या बसल्या. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ बायका.

माझी आजी आमच्या घरातल्या एका म्हातारीबद्दल सांगायची. लहान मूल पाठीशी बांधून ती दरवाज्यासमोर बसायला गेली होती. भाकऱ्या गावाकडून यायच्या. ज्याच्या घरी एक भाकरी असेल तो अर्धी पाठवायचा. हे कुठल्या ग्रंथात नसेल, आमच्या घरात आहे.

९ एप्रिलला रामाच्या रथाची मिरवणूक. रथ दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून ओढायचा असं ठरलं होतं. ऐनवेळी रथ पुढे पळवला, दगडफेक झाली, डोकी फुटली. बाबासाहेबांनाही लागलं.

पंचवटी_टांगा
आणि मग मंदिर उघडलं, नाही का? एवढ्या मोठ्या लढ्यापुढे नमावंच लागलं असेल.

द्राक्षबाग
नाही हो. नेमकी हीच चूक बहुतेकांची होते. दरवाजे उघडले नाहीत. सत्याग्रह थांबत, पुन्हा उभा राहत पाच वर्षं चालला. बाबासाहेब गोलमेज परिषदेला लंडनला गेले, इकडची धुरा भाऊरावांच्या खांद्यावर. माणसं तुरुंगात गेली, गावागावांत बहिष्कार पडले, मजुरी बंद झाली. ३ मार्च १९३४ला बाबासाहेबांनी भाऊरावांनाच पत्र लिहिलं, की मंदिरप्रवेशाची चळवळ आता पुरे, शक्ती राजकारणाकडे आणि शिक्षणाकडे वळवा. पुढच्याच वर्षी १३ ऑक्टोबरला, आपल्याच येवल्यात, हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा झाली. मंदिरं उघडली ती कायद्याने. मुंबई प्रांतात तो कायदा १९४७मध्ये आला.

पुढचं दादासाहेबांचं आयुष्य जमिनीच्या प्रश्नात गेलं. १९५७ला नाशिकमधून लोकसभेवर, १९६२ ते ६८ राज्यसभेवर. १९५९ला आणि पुन्हा १९६४ला भूमिहीनांचे सत्याग्रह. पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या, एवढीच मागणी. सगळ्या जातींचे भूमिहीन त्यात होते, लाखोंनी तुरुंग भरले. आपल्या नाशिकच्या शांताबाई दाणी त्या लढ्यात पुढे होत्या. १९६८ला पद्मश्री. २९ डिसेंबर १९७१ला दादासाहेब गेले. आज भूमिहीन दलित कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन देण्याची सरकारी योजना आहे, तिला त्यांचंच नाव आहे. मागणी १९५९ची, योजना २००४ची.

शाळामास्तर
अप्रतिम. दोघं गायकवाड, जन्मात एकोणचाळीस वर्षांचं अंतर, जिल्हा एक. एक गुरं राखून गादीवर गेला, दुसरा मंदिराच्या बंद दारासमोर बसला. आणि दोघांना जोडणारा माणूस एकच: डॉ. आंबेडकर. १९१३मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. पहिल्या गायकवाडांनी ज्याला शिकायला पाठवलं, त्याच्या शेजारी दुसरे गायकवाड काळारामासमोर उभे राहिले. मी तीस वर्षं इतिहास शिकवला, पण ही जोडी एका वाक्यात कधी ठेवली नाही. याची खंत आज वाटते.

सयाजीबाग
मी मूळ नाशिक रोडची, गेली बावीस वर्षं बडोद्यात आहे. मास्तर, तुमच्या वाक्याला एक जोड द्यावीशी वाटते. ताईंनी वर भाड्याच्या घराचं लिहिलंय ना, ते वाचून मला इथला वड आठवला.

शिष्यवृत्तीच्या करारात बडोदा संस्थानची नोकरी करायची अट होती. त्याप्रमाणे बाबासाहेब १९१७मध्ये इथे आले. कोलंबियाला शिकलेला विद्वान, महाराजांच्या नोकरीत, आणि शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. हिंदू खानावळीत जात विचारणार. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले. माडीवर एकटे, रात्री अंधार, वटवाघळं. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिन्यावरून वर आले आणि आत्ताच्या आत्ता बाहेर हो म्हणाले. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. ओळखीच्यांकडे विचारलं, कुणी घरात घेतलं नाही. मग ते एका बागेत वडाखाली जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले. ती बाग आज सयाजीबाग म्हणून ओळखली जाते आणि त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात.

महाराजांचं मन मोठं होतं यात शंका नाही. अस्पृश्यांच्या मुलांसाठी त्यांनी शाळा काढल्या, १९१८ला मुंबईत अस्पृश्यतानिवारण परिषद झाली तिचे ते अध्यक्ष होते. पण राजाचा हुकूम शहरातल्या घरमालकाच्या ओट्यापर्यंत पोचला नाही. प्रकल्पात दोन्ही गोष्टी यायला हव्यात असं मला मनापासून वाटतं. लेक आठवीत आहे, तिला कळेल.

शहाण्णवकुळी_निफाड
मी पण गायकवाड. ताई, राग मानू नका, पण 'कोणते' विचारण्यात दरवेळी वाईट हेतू नसतो. आमच्यात सोयरीक जुळवताना कूळ, देवक, गाव बघतात. भावकी निघते का तेही बघावं लागतं. माझ्या वडिलांना कुणी गायकवाड भेटला की ते पहिलं हेच विचारायचे, आणि तो दावडीकडचा निघाला तर त्याला जेवल्याशिवाय सोडायचे नाहीत. मला माझ्या कुळाचा अभिमान आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

गोदाकाठची
दादा, राग नाही. तुमच्या वडिलांचा प्रश्न आणि त्या घरमालकीण बाईंचा प्रश्न शब्दाने एकच आहे, हे मला पटतं. पण एवढंच सांगा: तो गायकवाड दावडीकडचा नसता, आंब्याचा असता, तर वडिलांनी त्याला जेवायला बसवलं असतं का? मी भांडत नाही. मला खरंच जाणून घ्यायचंय.

शहाण्णवकुळी_निफाड
दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण विचार करत होतो. वडील आता नाहीत. खरं सांगायचं तर बसवलं नसतं. ओट्यावर चहा दिला असता. वेगळ्या कपातून. तो कप आमच्या घरी होता, मोरीजवळच्या कोनाड्यात ठेवलेला. लहानपणी मी एकदा त्यातून पाणी प्यायलो म्हणून मार खाल्ला होता. हे आत्ता लिहिताना आठवलं, इतकी वर्षं आठवलं नव्हतं.

माझ्या घरी तसा कप नाही. निफाडला आलात तर जेवूनच जा. तिघंही या. कोणते म्हणून विचारणार नाही.

द्राक्षबाग
दादा, हे लिहायला धीर लागतो. नमस्कार.

पुस्तकातली_आळी
वर सगळे पुरुषच जास्त झाले म्हणून दोन नावं. एक, महाराणी चिमणाबाई (दुसऱ्या), सयाजीरावांच्या पत्नी. माहेर देवास. लग्नानंतर शिकल्या, १९११मध्ये भारतीय स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, आणि १९२७ला पुण्यात अखिल भारतीय महिला परिषद भरली तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. त्यांची मुलगी इंदिराराजे. तिचं लग्न ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी ठरलं होतं, ते तिने स्वतः पत्र लिहून मोडलं आणि १९१३मध्ये आपल्या पसंतीने कुचबिहारच्या घरात गेली. दुसरं नाव वर्षा गायकवाड, धारावीच्या आमदार, राज्याच्या शालेय शिक्षणमंत्री आणि आता खासदार.

आणि लक्ष्मण गायकवाड पाहिजेतच. लातूरकडचे, जन्मतः चोर ठरवल्या गेलेल्या उचल्या समाजातले. त्यांच्या आत्मकथनाला १९८८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. सयाजीरावांचं, दादासाहेबांचं आणि त्यांचं आडनाव एकच. 'कोणते' या प्रश्नाची किती वेगवेगळी उत्तरं आहेत ते बघा.

मनमाड_जंक्शन
आणि स्पेलिंगचं लिहायला सांगा. बडोद्याच्या राजघराण्यात इंग्रजीत 'जी ए ई', आपल्याकडे 'जी ए आय', कर्नाटकात मधे 'वाय'. माझ्या साडूच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर एक आणि आधारवर दुसरं. पासपोर्टच्या वेळी चार खेपा पडल्या. लेकीचं आत्ताच सगळीकडे एकसारखं करून घ्या.

गोदाकाठची
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काय ठरलं ते सांगते. लेकीने पाच माणसांची यादी बाजूला ठेवली. बाईंना विचारून आली, की दोघांवरच सविस्तर लिहिलं तर चालेल का. चालेल म्हणाल्या. ड्रॉइंग पेपरवर तिने नाशिक जिल्ह्याचा नकाशा काढलाय. कवळाण्याला एक हिरवा ठिपका, आंब्याला एक निळा, आणि नाशिकमध्ये काळारामाच्या जागी बंद दार. दाराला चार कड्या काढल्यात. सयाजीबाग ताई, तुमचा वड नकाशाबाहेर जात होता, म्हणून तिने उजवीकडे कागदाचा वेगळा तुकडा चिकटवला. बडोदा खरं तर उत्तरेला आहे, पण वर जागा नव्हती. रजनीकांत मागच्या पानावर आहेत, त्यांना सोडायला ती तयार नाही.

रविवारी सकाळी दिंडोरी रस्त्याने आंब्याला जातोय. द्राक्षबाग दादा, गावात कुणाला भेटायचं ते निरोपात कळवाल का? निफाडचे दादा, परतीला उशीर होईल, पण जेवायला येतो. आम्ही तिघं आहोत. लेकीला वांगं चालत नाही, एवढं वहिनींना सांगा.

मोसमकाठ
त्यापुढचा रविवार कवळाण्याला. मालेगावच्या बस स्टँडवर मी घ्यायला येतो.